अँड्र्यू जॅक्सन: 'बाहेरच्या' माणसाने अमेरिकेच्या राज्यकारभारात नेमके काय बदलले?

उत्तरायण (मूळ प्रश्न):

गेले काही महिने मी अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांचा राजकीय इतिहास वाचत आहे. वॉशिंग्टनपासून जॉन क्विन्सी ॲडम्सपर्यंत जे सहा राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांपैकी चौघे व्हर्जिनियातील जमीनदार होते आणि उरलेले दोघे मॅसॅच्युसेट्सचे ॲडम्स पितापुत्र. मॅडिसन, मनरो आणि धाकटे ॲडम्स हे तिघे तर परराष्ट्रमंत्र्याच्या खुर्चीतून उठून थेट राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसले, त्यामुळे पुढचा राष्ट्राध्यक्ष कोण होणार याचा अंदाज मंत्रिमंडळाकडे पाहूनच बांधता येत असे. १८२८ मध्ये अँड्र्यू जॅक्सन निवडून आला आणि हा क्रम तुटला.

जॅक्सनचा जन्म १७६७ मध्ये दोन्ही कॅरोलायनांच्या सीमेवरच्या एका वस्तीत झाला. वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात दोन्ही भाऊ आणि आई गेली आणि चौदाव्या वर्षी तो पोरका झाला. त्याच युद्धात एका ब्रिटिश अधिकाऱ्याचे बूट साफ करायला नकार दिला म्हणून त्याच्यावर तलवारीचा वार झाला आणि त्याचा व्रण त्याच्या डोक्यावर जन्मभर राहिला. त्याचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पुढे वकिली, टेनेसीतील जमिनी, सैन्याचे सेनापतिपद आणि ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे इंग्रजांवर मिळवलेला विजय, या वाटेने तो देशभर प्रसिद्ध झाला.

माझे प्रश्न दोन आहेत. जो माणूस आधी प्रतिनिधिगृहात, सिनेटमध्ये आणि टेनेसीच्या वरिष्ठ न्यायालयात बसला होता, ज्याचा 'हर्मिटेज' नावाचा कापसाचा मोठा मळा होता आणि राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत ज्याच्या मालकीचे शंभराच्या आसपास गुलाम होते, त्याला 'बाहेरचा' कोणत्या अर्थाने म्हणायचे? आणि त्याच्या आठ वर्षांत राज्ययंत्रणेत खरोखर काही बदलले की फक्त राजकारणाची भाषा बदलली? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

नोंदवही:

प्रश्न चांगला आहे आणि 'बाहेरचा' या शब्दावर आपण नेमके बोट ठेवले आहे. संपत्तीच्या दृष्टीने जॅक्सन मुळीच बाहेरचा नव्हता. तो बाहेरचा होता तो एका विशिष्ट दरवाजाच्या दृष्टीने, म्हणून त्या दरवाजाबद्दल आधी लिहितो.

त्या काळी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्याची रीत अशी होती की पक्षाचे काँग्रेसमधील सभासद वॉशिंग्टनमध्ये एकत्र बसत आणि आपसांत नाव पक्के करत. जेफर्सनच्या पक्षासमोर प्रबळ विरोधक उरला नव्हता, त्यामुळे या बैठकीत ज्याचे नाव निघे तोच निवडून येणार, असे जवळपास गृहीत असे. १८२४ च्या फेब्रुवारीत ही बैठक भरली तेव्हा अवघे ६६ सभासद हजर राहिले आणि त्यांनी अर्थमंत्री विल्यम क्रॉफर्ड यांचे नाव सुचवले. बहुसंख्य सभासदांनी तिकडे पाठ फिरवली, यावरून ती रीत किती पोकळ झाली होती हे दिसते. जॅक्सनचे नाव त्या बैठकीतून आलेच नव्हते. ते टेनेसीच्या विधिमंडळाने १८२२ मध्येच पुढे केले होते. राजधानीतील मंडळींच्या शिफारशीवाचून उभा राहिलेला आणि तरीही सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार, हा त्याच्या 'बाहेरचा' असण्याचा पहिला आणि खरा अर्थ आहे.

दुसरी गोष्ट मतदानाची. राष्ट्राध्यक्षाला निवडणारे निर्वाचक कसे ठरवायचे हे राज्यघटनेने प्रत्येक राज्यावर सोपवलेले आहे. १८२४ मध्ये २४ पैकी ६ राज्यांत, आणि त्यांत न्यूयॉर्कसारखे सर्वांत मोठे राज्यही होते, निर्वाचक विधिमंडळे नेमत; मतदाराचा त्याच्याशी संबंध नसे. १८२८ मध्ये अशी राज्ये दोनच उरली, डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलायना. मालमत्ता असेल तरच मत, ही अटही बहुतेक राज्यांत गोऱ्या पुरुषांपुरती याच सुमारास सैल होत गेली किंवा निघून गेली. यातले काहीही जॅक्सनने केलेले नाही. बदल आधीच चालू होता आणि त्याचा पहिला मोठा लाभ त्याला झाला, हा क्रम लक्षात ठेवला नाही तर जॅक्सनने सामान्य माणसाला मत दिले, असे सर्रास लिहिले जाणारे चुकीचे वाक्य आपणही लिहून बसू.

याला एक जोड द्यायलाच हवी. न्यूयॉर्कच्या १८२१ च्या घटनापरिषदेने गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट काढण्याचा मार्ग मोकळा केला आणि त्याच बैठकीत कृष्णवर्णीय पुरुषांसाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट मात्र घातली. दार उघडणारे आणि दार लावणारे हात तेच होते.

आता १८२४ चा निकाल. निर्वाचक मतांत जॅक्सनला ९९, ॲडम्सना ८४, क्रॉफर्डना ४१ आणि हेन्री क्ले यांना ३७ मते पडली. २६१ पैकी बहुमताला १३१ हवी होती, ती कोणालाच मिळाली नाहीत, म्हणून घटनेप्रमाणे निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली. तेथे प्रत्येक राज्याला एकच मत असते. क्ले हे गृहाचे सभापती होते. पहिल्या तिघांत नसल्यामुळे ते स्वतः स्पर्धेतून बाद झाले होते, पण त्यांनी आपले वजन ॲडम्स यांच्या पारड्यात टाकले. ९ फेब्रुवारी १८२५ रोजी १३ राज्यांच्या मतांनी ॲडम्स निवडून आले आणि थोड्याच दिवसांत त्यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्री नेमले. ज्या खुर्चीतून मागचे तिघे राष्ट्राध्यक्ष झाले, तीच खुर्ची क्ले यांना मिळालेली पाहून जॅक्सनच्या लोकांनी हा भ्रष्ट सौदा असल्याची हाकाटी केली. असा सौदा झाल्याचा पुरावा कधी मिळाला नाही. पण लोकांनी ज्याला सर्वाधिक मते दिली त्याला वॉशिंग्टनने डावलले, ही भावना सौद्याच्या पुराव्यावर अवलंबून नव्हती.

या भावनेला संघटनेचा सांगाडा दिला तो न्यूयॉर्कच्या मार्टिन व्हॅन ब्युरेनने. गावोगावच्या समित्या, पक्षाची वर्तमानपत्रे, सभा, मिरवणुका आणि जॅक्सनच्या 'ओल्ड हिकरी' या टोपणनावावरून चौकाचौकांत उभारलेले हिकरी लाकडाचे खांब, हे सारे १८२८ च्या प्रचारात दिसले. प्रचार अतिशय घाणेरडाही झाला. जॅक्सनची पत्नी रेचेल हिचा आधीच्या पतीशी घटस्फोट कायदेशीररीत्या पुरा होण्यापूर्वीच जॅक्सनशी विवाह झाला होता, ही जुनी गोष्ट उकरून तिची उघड बदनामी करण्यात आली. निकाल लागला तो १७८ विरुद्ध ८३ असा, आणि लोकमतांत जॅक्सनला सुमारे ५६ टक्के मते मिळाली. मतदानाचे प्रमाण आधीच्या निवडणुकीत पात्र मतदारांच्या चौथ्या हिश्श्याच्या थोडे वर होते, ते यावेळी निम्म्याच्या पुढे गेले. रेचेल मात्र २२ डिसेंबर १८२८ रोजी, पतीच्या शपथविधीपूर्वीच, वारली. विरोधकांनी तिचा जीव घेतला, असे जॅक्सन अखेरपर्यंत मानत राहिला. त्याच्या पुढच्या वैरांमधली धार समजून घेताना हे दुःख विसरून चालणार नाही, असे मला मनापासून वाटते.

पूर्वरंग:

नोंदवही यांनी निवडणुकीची बाजू उत्तम मांडली आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. यंत्रणेत बदल झाला, आणि तो एका दाव्यातून झाला: संपूर्ण देशाने निवडलेला असा राष्ट्राध्यक्षच आहे, म्हणून लोकांचा थेट प्रतिनिधी तोच. आज हे वाक्य कानाला नेहमीचे वाटते, पण १८३० च्या आसपास ते कानठळ्या बसवणारे होते, कारण लोकांचे प्रतिनिधी म्हणजे काँग्रेस, आणि राष्ट्राध्यक्ष म्हणजे काँग्रेसचे कायदे अमलात आणणारा अधिकारी, अशी त्या पिढीची समजूत होती.

नकाराधिकाराचे उदाहरण पाहा. आधीच्या सहा राष्ट्राध्यक्षांनी मिळून चाळीस वर्षांत १० विधेयके नाकारली होती आणि त्यांतली बहुतेक घटनेशी विसंगत म्हणून. जॅक्सनने एकट्याने १२ नाकारली. त्यांतले सर्वांत गाजलेले विधेयक दुसऱ्या युनायटेड स्टेट्स बँकेचे. ही बँक १८१६ मध्ये २० वर्षांच्या सनदेवर, साडेतीन कोटी डॉलरच्या भांडवलाने स्थापन झाली होती. भांडवलाचा पाचवा हिस्सा सरकारचा, बाकी खासगी भागधारकांचा. सरकारचा सगळा महसूल तिच्याकडे ठेव म्हणून राही आणि राज्याराज्यांतील बँकांच्या नोटांवर तिचा वचक असे. फिलाडेल्फियातील तिचे अध्यक्ष निकोलस बिडल हे कर्तबगार गृहस्थ होते, पण लोकांनी न निवडलेल्या एका माणसाच्या हाती देशातील पतपुरवठ्याच्या दोऱ्या असाव्यात का, हा प्रश्न जॅक्सनने उभा केला आणि तो प्रश्न रास्त होता.

सनद १८३६ पर्यंत होती. क्ले आणि बिडल यांनी १८३२ च्या निवडणुकीपूर्वीच नूतनीकरणाचे विधेयक मंजूर करून घेतले. जॅक्सन निवडणुकीच्या वर्षात ते नाकारणार नाही, किंवा नाकारले तर हरेल, असा त्यांचा होरा होता. १० जुलै १८३२ रोजी त्याने ते नाकारले. त्या वेळचा संदेश मुळातून वाचण्यासारखा आहे. बँक घटनेला धरून आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८१९ मध्येच दिलेला होता. त्यावर जॅक्सनचे म्हणणे असे की घटनेचे रक्षण करण्याची शपथ काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय या तिघांनी वेगवेगळी घेतलेली आहे, तेव्हा विधेयकावर सही करताना राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या समजुतीप्रमाणे चालावे. बँकेचे ८० लाख डॉलरहून अधिक भाग परदेशी लोकांच्या हाती आहेत, हेही तो सांगतो. आणि शेवटाकडे तो कायद्याची भाषा बाजूला ठेवून सरळ मतदारांशी बोलू लागतो: श्रीमंत आणि बलवान लोक सरकारचे कायदे आपल्या स्वार्थासाठी वाकवतात, आणि ज्यांच्याकडे असे लाभ मिळवायला ना वेळ असतो ना साधन, त्या शेतकरी, कारागीर आणि मजुरांना तक्रार करण्याचा हक्क आहे. संदेश पाठवायचा होता सिनेटला, पण तो लिहिला गेला वर्तमानपत्र वाचणाऱ्यासाठी. बिडल यांना तो इतका भडक वाटला की जॅक्सनचे नुकसान होईल या समजुतीने त्यांनीच त्याच्या प्रती वाटल्या. निवडणुकीत जॅक्सनला २१९ निर्वाचक मते पडली आणि क्ले यांना ४९.

त्यानंतर जे घडले ते माझ्या दृष्टीने याहूनही महत्त्वाचे आहे. सनद संपायला अजून तीन वर्षे असताना सरकारच्या ठेवी बँकेतून काढून राज्यांतील निवडक बँकांत ठेवायच्या, असे जॅक्सनने ठरवले. अडचण अशी की १८१६ च्या कायद्याने हा अधिकार राष्ट्राध्यक्षाला दिलेला नव्हता. तो अर्थमंत्र्याला दिलेला होता आणि अर्थमंत्र्याने त्याची कारणे काँग्रेसला कळवायची होती. नवे अर्थमंत्री विल्यम डुएन स्वतः बँकेचे विरोधक होते, तरीही काँग्रेसला विचारल्याशिवाय असा आदेश काढणे त्यांच्या मनाला पटेना. ते आदेश काढीनात आणि राजीनामाही देईनात. १८३३ च्या सप्टेंबरात जॅक्सनने त्यांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी आणलेल्या रॉजर टॅनी यांनी आदेश काढला.

या प्रसंगातला पेच नीट पाहावा. मंत्री कोणाचा, कायद्याचा की राष्ट्राध्यक्षाचा? ज्या अधिकाऱ्याला काँग्रेसने कायद्याने स्वतंत्र कर्तव्य नेमून दिले, त्याला राष्ट्राध्यक्ष बडतर्फीच्या धाकाने हवे तसे वागवू शकतो का? जॅक्सनने याचे उत्तर 'होय' असे दिले आणि मंत्र्यांच्या बाबतीत ते पुढे बहुतांशी टिकून राहिले. सिनेटने २८ मार्च १८३४ रोजी २६ विरुद्ध २० मतांनी राष्ट्राध्यक्षावर ठपका ठेवणारा ठराव केला, आणि जूनमध्ये टॅनी यांची अर्थमंत्री म्हणून नेमणूक नामंजूर केली. मंत्रिपदासाठीची नेमणूक सिनेटने फेटाळण्याची ती पहिलीच वेळ होती. पण ठेवी परत आल्या नाहीत. ठपक्याला उत्तर म्हणून जॅक्सनने जो निषेध पाठवला, त्यात राष्ट्राध्यक्ष हा अमेरिकन जनतेचा थेट प्रतिनिधी आहे, हे शब्द स्पष्टपणे येतात. सिनेटने तो निषेध आपल्या दप्तरात नोंदवायलाही नकार दिला.

आर्थिक परिणामांबद्दल थोडक्यात सांगतो. ठेवी मिळालेल्या बँकांनी कर्जे सढळ हाताने वाटली, सरकारी जमिनींची सट्टेबाजी वाढली, मग जुलै १८३६ मध्ये जमिनीचे पैसे सोन्याचांदीतच घेण्याचा आदेश निघाला, आणि १८३७ मध्ये मोठी मंदी आली. त्या मंदीला इंग्लंडमधील व्याजदर आणि कापसाचे कोसळलेले भावही कारण होते, त्यामुळे सगळे खापर जॅक्सनच्या डोक्यावर फोडू नये. मात्र १८३६ नंतर अमेरिकेला मध्यवर्ती म्हणावी अशी बँक पुन्हा मिळायला १९१३ साल उजाडले.

उत्तरायण:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. डुएन यांचा प्रसंग मला माहीतच नव्हता.

आता एक गुंता सोडवायला मदत करावी. हाच जॅक्सन दक्षिण कॅरोलायनाने केंद्राचा कायदा धुडकावला तेव्हा सैन्य पाठवण्याची तयारी करतो, आणि जॉर्जियाने चेरोकी या मूळ रहिवाशांबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय धुडकावला तेव्हा स्वस्थ बसतो. 'मार्शल यांनी निर्णय दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणावा,' असे तो सरन्यायाधीश मार्शल यांच्याबद्दल म्हणाल्याचे अनेक ठिकाणी वाचले. ही विसंगती कशी समजून घ्यायची?

मध्यमा:

त्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ते फार उद्धृत होते. ते छापून आले ते प्रसंगानंतर तीस-बत्तीस वर्षांनी, जॅक्सनच्या मृत्यूनंतर. तो तसे म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. शिवाय त्या निर्णयात राष्ट्राध्यक्षाने अमुक करावे, असा आदेशच नव्हता. म्हणून ते वाक्य सोडून द्यावे. त्याने जॅक्सन निर्दोष ठरत नाही, कारण त्याने प्रत्यक्ष केलेल्या गोष्टीच पुरेशा गंभीर आहेत.

१८३० पूर्वीच्या चेरोकी राष्ट्राची स्थिती डोळ्यांसमोर आणावी. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, एकट्याने वर्षानुवर्षे खपून आपल्या भाषेसाठी प्रत्येक अक्षरध्वनीला एक चिन्ह अशी लिपी तयार केली आणि ती १८२१ च्या सुमारास पूर्ण झाली. काही वर्षांतच असंख्य चेरोकी लिहू-वाचू लागले. १८२७ मध्ये त्यांनी लिखित राज्यघटना स्वीकारली, आणि १८२८ पासून न्यू इकोटा या त्यांच्या राजधानीतून 'चेरोकी फिनिक्स' हे द्विभाषिक वर्तमानपत्र निघू लागले. एकाच पानावर इंग्रजी आणि सिक्वोयाच्या लिपीतला मजकूर जुळवलेला असे. हे लोक सुधारलेले नाहीत म्हणून त्यांना हलवायचे, असे जे कारण पुढे केले जात होते, त्याला ते पानच उत्तर होते.

मे १८३० मध्ये, जॅक्सनच्या आग्रहावरून, मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील मूळ रहिवाशांना पश्चिमेस हलवण्याचा कायदा झाला. सिनेटमध्ये तो २८ विरुद्ध १९ असा निघाला, पण प्रतिनिधिगृहात अगदी काठावर. टेनेसीचाच प्रतिनिधी डेव्ही क्रॉकेट याने विरोधात मत दिले. तेव्हा त्या काळी सगळ्यांनाच असे वाटत होते, हा बचाव टिकत नाही. जॉर्जियाने आपले कायदे चेरोकी भूमीवर लागू केले आणि तेथे राहणाऱ्या गोऱ्या माणसांनी राज्याचा परवाना घ्यावा, निष्ठेची शपथ घ्यावी, असा हुकूम काढला. सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्याने नकार दिला म्हणून त्याला चार वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. मार्च १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निर्णय दिला की चेरोकी राष्ट्राच्या हद्दीत जॉर्जियाचे कायदे चालत नाहीत. जॉर्जियाने वूस्टरला सोडले नाही आणि जॅक्सनने जॉर्जियावर दबाव आणला नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दक्षिण कॅरोलायनाने १८२८ आणि १८३२ चे आयात शुल्काचे कायदे आपल्या हद्दीत रद्द ठरवले. या भूमिकेचा तात्त्विक पाया जॅक्सनचाच उपराष्ट्राध्यक्ष जॉन कॅल्हून याने आधीच घातलेला होता, आणि त्याने डिसेंबरात पदाचा राजीनामा दिला. जॅक्सनने १० डिसेंबरच्या जाहीरनाम्यात सांगितले की राष्ट्र हे राज्यांनी केलेला आणि मनात येईल तेव्हा मोडता येणारा करार नाही, आणि शस्त्रबळाने फुटून निघणे हा राजद्रोह आहे. मार्च १८३३ मध्ये बळाचा वापर करू देणारा कायदा झाला, त्याच वेळी क्ले यांनी शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करणारी तडजोड घडवली आणि दक्षिण कॅरोलायनाने माघार घेतली. या धामधुमीत जॉर्जियाने दक्षिण कॅरोलायनाच्या बाजूला जाऊ नये, याची सरकारला काळजी होती. जानेवारी १८३३ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरने मिशनऱ्यांना सोडून दिले आणि खटल्याचा काटा निघाला. चेरोकींची जमीन मात्र तशीच हातची जाऊ लागली.

म्हणून मला यात विसंगती फारशी दिसत नाही. पूर्वरंग यांनी जो दावा सांगितला, मी जनतेचा थेट प्रतिनिधी आहे, तोच दोन्ही ठिकाणी लागू होतो. जनता म्हणजे ज्यांना मत आहे ते. कॅरोलायना त्या जनतेच्या सरकारला आव्हान देत होती. जॉर्जियात तर तीच जनता चेरोकींची जमीन मागत होती, आणि चेरोकींना मत नव्हते. गुलामांनाही नव्हते. १८३५ मध्ये गुलामगिरीविरोधी पत्रके टपालाने दक्षिणेत गेली तेव्हा चार्ल्सटनच्या जमावाने ती टपालकचेरीतून पळवून जाळली. पोस्टमास्टर जनरल एमॉस केंडल याने स्थानिक पोस्टमास्तरांना अशी पत्रके अडवून ठेवू दिली आणि जॅक्सनने तर अशा पत्रकांवर बंदी घालणारा कायदा काँग्रेसकडे मागितला.

डिसेंबर १८३५ मध्ये न्यू इकोटा येथे चेरोकींच्या एका छोट्या गटाने स्थलांतराचा तह केला. निवडून आलेला प्रमुख जॉन रॉस आणि बहुसंख्य चेरोकी त्याच्या विरोधात होते, हजारो सह्यांचे अर्ज वॉशिंग्टनला गेले, तरीही सिनेटने तो आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत जेमतेम गाठून मंजूर केला. १८३८-३९ मध्ये, व्हॅन ब्युरेनच्या कारकिर्दीत, सैन्याने सुमारे १६,००० चेरोकींना घरांतून काढून छावण्यांत कोंडले आणि पश्चिमेकडे पाठवले. त्या वाटेवर आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसे मेली, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

वाटसरू:

सरकारी नोकऱ्यांचा विषय राहून गेला आहे, म्हणून थोडी भर घालतो. डिसेंबर १८२९ च्या वार्षिक संदेशात जॅक्सनने म्हटले की सरकारी कामे इतकी साधी असतात, किंवा करता येतात, की कोणीही समंजस माणूस ती शिकून करू शकेल, आणि एकच माणूस वर्षानुवर्षे पदावर राहिला तर ते पद तो स्वतःची मालमत्ता समजू लागतो. पदांची अदलाबदल व्हावी, हे त्याचे तत्त्व. त्यामागे खरी तक्रार होती, कारण काही कचेऱ्यांत बापाची जागा मुलाला मिळत होती. प्रत्यक्षात त्याने पहिल्या कारकिर्दीत काढलेली माणसे अंदाजे दहातली एक. सरसकट कत्तल झाली, ही समजूत खरी नाही.

पण पक्षासाठी राबलेल्याला पद, हा नियम एकदा उघडपणे मान्य झाला की त्याला लगाम उरत नाही. १८३२ मध्ये न्यूयॉर्कचे सिनेटर विल्यम मार्सी यांनी, शत्रूची लूट ही जेत्याचीच असते, असे सिनेटमध्ये निःसंकोच सांगितले. न्यूयॉर्क बंदराच्या जकातीवर जॅक्सनने सॅम्युएल स्वॉर्टवूट याला नेमले होते. देशाच्या महसुलाचा सर्वांत मोठा ओघ त्याच कचेरीतून वाहत असे. व्हॅन ब्युरेनने इशारा दिला होता, तो ऐकला गेला नाही. १८३८ मध्ये स्वॉर्टवूट युरोपला निघून गेल्यावर हिशेबात १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम कमी असल्याचे उघड झाले. परीक्षा घेऊन नोकरी देण्याचा कायदा व्हायला १८८३ पर्यंत थांबावे लागले, आणि तोही पदाच्या आशेने झपाटलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडल्यानंतर.

पूर्वरंग:

मध्यमा यांचा प्रतिसाद वाचून माझ्या मांडणीतली उणीव मला दिसली. जनतेचा प्रतिनिधी, हा दावा मी केवळ संस्थांच्या अंगाने तपासला होता, त्या जनतेत कोण धरले जाते हे मी विचारले नव्हते.

उत्तरायण यांच्या मूळ प्रश्नाबाबत आणखी एक सांगतो. जॅक्सनच्या विरोधकांनी १८३४ च्या सुमारास स्वतःला 'व्हिग' म्हणवून घेतले. हे नाव इंग्लंडात राजाच्या सत्तेला विरोध करणाऱ्यांचे. मुकुट घातलेला, हातात नकाराधिकाराचा कागद धरलेला आणि पायांखाली फाटलेली घटना तुडवणारा 'राजा अँड्र्यू' दाखवणारे व्यंगचित्र त्याच सुमाराचे. पण १८४० मध्ये जिंकण्यासाठी याच व्हिगांनी विल्यम हेन्री हॅरिसन हा सेनापती उभा केला. व्हर्जिनियाच्या जमीनदार घराण्यात जन्मलेल्या त्या माणसाला लाकडी झोपडीतला साधा गडी म्हणून मिरवले, गावोगाव मिरवणुका काढल्या, आणि मतदान ८० टक्क्यांच्या आसपास गेले. जॅक्सनची नीती त्यांना मान्य नव्हती, त्याची पद्धत मात्र त्यांनी पूर्णपणे उचलली.

यंत्रणा बदलली की नाही, याबद्दल मला सिनेटच्या दप्तरातले एक पान आठवते. १८३४ चा ठपक्याचा ठराव नोंदीतून पुसून टाकावा, म्हणून मिसूरीचे सिनेटर टॉमस हार्ट बेंटन पुढची वर्षे सतत झगडत राहिले. दरम्यान निवडणुका होत गेल्या, राज्यांच्या विधिमंडळांनी आपापल्या सिनेटरांना तशा सूचना दिल्या, काहींनी त्या पाळण्याऐवजी राजीनामा दिला, आणि सिनेटची रचना पालटली. १६ जानेवारी १८३७ रोजी, रात्री उशिरापर्यंत चाललेल्या बैठकीत, २४ विरुद्ध १९ मतांनी ठराव मंजूर झाला. हस्तलिखित दप्तर सभागृहात आणले गेले. सचिवाने २८ मार्च १८३४ चे पान उघडले, त्या ठरावाच्या चारही बाजूंनी काळ्या शाईच्या जाड रेघा ओढल्या आणि मजकुरावर आडवे लिहिले की सिनेटच्या आदेशावरून ही नोंद रद्द करण्यात आली आहे. रेघांच्या आतला मजकूर वाचता येत होता.